बटरऐवजी मार्जरीन घालायचंय? आधी डबा उलटा करून बघा

मार्जरीनचा (म्हणजे वनस्पती तेलांपासून बनवलेल्या बटरसारख्या पदार्थाचा) डबा हातात घ्या, उलटा करा आणि मागचा तो बारीक अक्षरांतला तक्ता वाचा. चष्मा लागत असेल तर चष्मा लावून वाचा. १०० ग्रॅममागे फॅट किती ग्रॅम लिहिलंय, आत्ता तेवढा एकच आकडा हवाय. तो ८० च्या आसपास असेल तर निम्मं टेन्शन गेलं, बटरच्या जागी तेवढ्याच वजनाचं मार्जरीन सरळ घाला (पुढचं तरी वाचा, कारण चवीचा आणि मिठाचा घोळ राहतोच). आणि ६०, ५०, ४० असलं काही दिसलं तर मात्र थांबा, ते बटरऐवजी जसंच्या तसं घालायचं नाही.

मी हे ठेच लागून शिकलेय. कुकीज करायला घेतल्या होत्या, साखर मोजून झालेली, मैदा चाळून झालेला, ओव्हन तापत होता आणि बटर निघालं जेमतेम दोन चमचे. फ्रीजमध्ये एक डबा होता, वर छान पिवळा रंग, 'लाइट' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं, आणि मी विचार केला की दिसायला तर तेच आहे, घाल तेवढंच. पीठ जरा सैल वाटलं तेव्हाच शंका यायला हवी होती पण नाही आली. ट्रेवर बारा गोळे ठेवले होते, दहा मिनिटांनी काचेतून बघते तर बारा नाहीतच, एकच मोठी चादर झालेली, कडेला करपायला लागलेली आणि मधे पांढरीफटक. खाल्ली आम्ही ती, सुरीने तुकडे करून. पण ती कुकी नव्हती, गोड स्पंजासारखं काहीतरी होतं आणि दुसऱ्या दिवशी तर अगदीच चिवट झालं.

चूक माझीच होती. मी तेल-तुपासारखं काहीतरी समजून जे घातलं त्यात निम्मं पाणी होतं.

बटर म्हणजे काय ते एकदा नीट समजलं की बाकीचं आपोआप कळतं. बटरमध्ये साधारण ८० ते ८२ टक्के फॅट असतं, १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि उरलेलं थोडंसं दुधातलं प्रोटीन, साखर, आणि सॉल्टेड असेल तर मीठ. बटर कढवलं की जी बेरी खाली बसते ना, तेच ते दुधातलं प्रोटीन आणि साखर. मार्जरीन पण असंच, फॅटमध्ये पाण्याचे अगदी बारीक थेंब अडकवून बनवलेलं, फक्त फॅट दुधाचं नाही तर वनस्पती तेलांचं. पाणी आणि तेल एकत्र राहावं म्हणून लेसिथिन किंवा मोनो आणि डायग्लिसराइड्स घालतात (यांनाच इमल्सिफायर म्हणतात), रंगासाठी बहुतेक वेळा बीटा कॅरोटीन असतं, आणि बटरसारखा वास यावा म्हणून फ्लेवर. बऱ्याच ठिकाणी व्हिटॅमिन ए आणि डी पण वरून घालतात.

आता गंमत अशी की रोजच्या बोलण्यात आपण सगळ्यालाच मार्जरीन म्हणतो पण डब्यावर नेहमी तसं लिहिलेलं नसतं. अमेरिकेत आणि युरोपात कायद्याने नुसतं 'मार्जरीन' म्हणायचं तर किमान ८० टक्के फॅट लागतं. त्याच्या खाली गेलं की नाव बदलतं, स्प्रेड होतं. म्हणून डब्यावर 'स्प्रेड' हा शब्द दिसला की समजायचं, पाणी जास्त आहे, आणि 'लाइट' दिसलं की अजून जास्त. कागदात गुंडाळलेली कडक वडी असेल तर बहुतेक वेळा ती ८० वाली निघते, आणि डब्यातलं मऊ, फ्रीजमधून काढल्या काढल्या चमच्याने खरवडता येणारं असेल तर बहुतेक वेळा नाही. पण 'बहुतेक वेळा' वर विसंबू नका, वडीच्या रूपात ६५-७० टक्क्यांवाले स्प्रेडसुद्धा विकतात आणि मी त्यातही फसलेय, म्हणून आकडाच बघा.

विश्वास बसत नसेल तर एक प्रयोग करा, मी केलाय आणि तेव्हापासून डबे वाचायला लागले. दोन सारखे काचेचे छोटे ग्लास घ्या, एकात चार चमचे बटर, दुसऱ्यात चार चमचे स्प्रेड. दोन्ही ग्लास गरम पाण्याच्या पातेल्यात उभे करा आणि ढवळू नका, नुसतं वितळू द्या. अर्ध्या तासाने बटरच्या ग्लासात वर पिवळं पारदर्शक फॅट आणि तळाला पांढरट दुधाळ पाण्याचा पातळ थर दिसतो, बोटाच्या पेरापेक्षाही कमी. स्प्रेडच्या ग्लासात तो तळाचा थर बघून मी दोनदा वाकून बघितलं, ग्लासच्या एक तृतीयांशाच्या वर होता. काही स्प्रेड असे वेगळे होतच नाहीत, इमल्सिफायर इतका असतो की गरम केलं तरी दाट दुधासारखं एकजीव राहतं, ते पण एक उत्तरच आहे, असलं काही कुकीजमध्ये घालायचं नाही.

आता हिशोब. घाबरू नका, एकच भागाकार आहे. रेसिपीत १०० ग्रॅम बटर सांगितलंय म्हणजे तिला खरं तर ८० ग्रॅम फॅट हवंय. तुमच्या डब्यात ७० टक्के फॅट असेल तर ८० भागिले ०.७, म्हणजे ११४ ग्रॅम घ्या. त्यात पाणी येतं ३४ ग्रॅमच्या आसपास, बटरमध्ये असतं १६, म्हणजे १८ ग्रॅम जास्तीचं, तेवढं दूध किंवा पाणी रेसिपीतून कमी करा, एक मोठा चमचा आणि थोडं वर. डब्यात ६० टक्के असेल तर १३३ ग्रॅम घ्यायचं आणि साधारण ३५ मिली द्रव कमी करायचा. ५० टक्के असेल तर १६० ग्रॅम लागेल आणि ६० मिलीच्या वर जास्तीचं पाणी येईल, आणि इथे बऱ्याच रेसिप्या हात टेकतात कारण कमी करायला तेवढा द्रवच नसतो. ४० वालं तर ओव्हनमध्ये घालूच नका. ते ब्रेडवर लावायला बनवलंय, तिथेच राहू दे.

वजनावर मोजा हे पण सांगून ठेवते. कपाने मोजलं की डब्यातल्या मऊ मार्जरीनमध्ये हवा फेटलेली असू शकते, काही डब्यांवर तर 'व्हिप्ड' असं लिहिलेलंच असतं, आणि तसला एक कप भरून घेतला तर वजनात बरंच कमी भरतं. किचन स्केल नसेल तर वडीवाल्या मार्जरीनच्या कागदावर खुणा छापलेल्या असतात त्या वापरा, निदान अंदाजापेक्षा बऱ्या.

द्रव नसलेल्या रेसिपीत, म्हणजे कुकीजमध्ये, एक युक्ती चालते. एका अंड्यातला पांढरा भाग ३० ग्रॅमच्या आसपास असतो आणि त्यातलं ९० टक्के पाणीच. मग ६० टक्क्यांवालं स्प्रेड वापरायची वेळ आली आणि रेसिपीत एक अंडं असेल तर फक्त पिवळा बलक घाला, पांढरा बाजूला ठेवा, जास्तीचं पाणी बऱ्यापैकी तिथेच वळतं होतं. बिनअंड्याच्या कुकीजला हे जमणार नाही, तिथे ८० वालं आणा किंवा दुसरं काहीतरी करा.

मीठ. हे सगळेजण विसरतात. रेसिपी लिहिणारे बहुतेक बिनमिठाचं बटर धरून चालतात आणि मार्जरीन बहुतेक वेळा खारट असतं, त्यामुळे वरून सांगितलेलं मीठ पण घातलं की केक तोंडात गेल्यावर पहिली चव मिठाची. डब्यावर मीठ लिहिलं असेल तर सरळ आहे, सोडियम लिहिलं असेल तर त्याला अडीचने गुणा म्हणजे मीठ कळेल. समजा १०० ग्रॅममध्ये दीड ग्रॅम मीठ निघालं, तर ते पाव छोटा चमचा होतं, तेवढं रेसिपीतून वजा करा. रेसिपीत 'चिमूटभर' एवढंच असेल तर ते सरळ गाळून टाका.

आता कशात काय होतं ते सांगते, आणि सगळ्यात सोप्यापासून सुरू करते.

केकमध्ये मार्जरीन खरंच छान चालतं, आणि हे मी नाइलाज म्हणून म्हणत नाहीये. साधा स्पंज केक असेल तर मला कधीकधी मार्जरीनचाच जास्त आवडतो, कारण बटर थंडीत कडक होतं आणि केक फ्रीजमधून काढला की घट्ट लागतो, मार्जरीनचा मात्र मऊच राहतो, दुसऱ्या दिवशीसुद्धा. चॉकलेट केक, गाजराचा केक, मसाल्याचा वास असलेले केक, केळ्याचा केक, यात तर कुणाला कळणार पण नाही, कारण तिथे बोलतात ते कोको आणि दालचिनी, बटर नुसतं मागे उभं असतं. फेटताना मात्र सवय बदलावी लागते. बटर आपण बाहेर काढून ठेवतो, बोट दाबलं की खड्डा पडेल इतकं मऊ होऊ देतो, साधारण १८ ते २० डिग्रीला ते साखरेबरोबर चांगलं फुलतं. मऊ मार्जरीन तसं बाहेर ठेवलं तर तेलकट होतं आणि हवा धरतच नाही, साखरेबरोबर फेटलं की चकचकीत लगदा होतो. ते फ्रीजमधून काढून फार तर पाच मिनिटं ठेवा आणि लगेच फेटायला घ्या. रंग फिका झाला, चमच्यावरून पडताना जरा फुगीर दिसायला लागलं की थांबायचं, अजून एक मिनिट, अजून एक मिनिट करत बसू नका. आणि कंटाळा आला असेल तर मैदा, साखर, अंडी, बेकिंग पावडर, मार्जरीन सगळं एकाच भांड्यात घालून दोन मिनिटं फेटायची पद्धत आहे ना, ती मऊ मार्जरीनवरच सगळ्यात चांगली जमते.

कुकीजचं जरा सविस्तर सांगते कारण लोक तिथेच रडतात. कुकी पसरते कशी ते डोळ्यासमोर आणा. थंड गोळा गरम ट्रेवर, आतलं फॅट वितळायला लागतं, गोळा खाली बसायला लागतो, आणि तेवढ्यात बाहेरून पीठ आणि अंडं शिजून भिंत धरतात. फॅट आधी वितळलं आणि भिंत उशिरा धरली की चादर. बटर ३२ ते ३५ डिग्रीला वितळतं, मऊ मार्जरीन त्याच्या खूप आधीच ढिलं पडलेलं असतं, त्यामुळे शर्यत सुरू होण्याआधीच आपण हरलेलो. उपाय एकच, थंडी. पीठ झालं की गोळे करून निदान एक तास फ्रीजमध्ये ठेवा, रात्रभर ठेवलं तर अजून चांगलं, मैद्याने पाणी पिऊन घेतलेलं असतं. ट्रे पण गार हवा, पहिली खेप काढली आणि त्याच तापलेल्या ट्रेवर दुसरी ठेवली तर थंड केल्याचा काही उपयोग नाही. आणि आधी एकच कुकी भाजून बघा. एकच! दहा मिनिटं जातात पण सगळी ट्रे वाचते, पसरली तर उरलेल्या पिठात दोन चमचे मैदा मिसळता येतो.

रंगही फिका येतो हे लक्षात ठेवा. बटरच्या कुकीला जो सोनेरी तपकिरी रंग येतो त्यात दुधातल्या प्रोटीनचा आणि साखरेचा मोठा हात असतो, मार्जरीनमध्ये ते नसतं किंवा अगदी नावाला असतं. त्यामुळे रंग येण्याची वाट बघत बसलात तर कुकी आतून वाळून जाते. वेळ झाली, कडा घट्ट झाल्या की काढा. नाहीतर पिठात एखादा चमचा दूध पावडर घाला, रंगाला पण बरं आणि वासाला पण.

आणि काही ठिकाणी बदलूच नका. शॉर्टब्रेडमध्ये मैदा, साखर आणि बटर एवढंच असतं, बटरच काढलं तर उरलं काय? मार्जरीनचं शॉर्टब्रेड खुसखुशीत होईलही पण चव नाही, वाटी विसळून पाणी प्यायल्यासारखं लागतं. अगदीच अडलं तर अर्धं अर्धं करा. ही अर्ध्या अर्ध्याची सवय मला सगळीकडेच उपयोगी पडलीय, वास बटरचा येतो आणि काम मार्जरीन करतं, दोघांचंही भागतं.

तपकिरी होईपर्यंत परतलेलं बटर, ज्याला तो खमंग सुकामेव्यासारखा वास येतो, ते मार्जरीनचं होत नाही. कितीही परता. जे तपकिरी व्हायचं असतं ती बेरीच त्यात नाही, नुसतं तेल तापत राहील आणि शेवटी धूर निघेल. टॉफी आणि कॅरॅमलचं पण तसंच, साखर आणि बटर १४० डिग्रीच्या वर उकळत असतं, तिथे पाणचट स्प्रेड घातलं की मिश्रण फाटतं, वर तेल तरंगायला लागतं आणि खाली साखरेचा गोळा. गरम साखरेचे शिंतोडे हातावर उडतात ते वेगळंच. ८० वाल्या वडीने काही जण करतात, जमतं पण, चव मात्र सपाट लागते, मी करत नाही.

पेस्ट्रीसाठी, म्हणजे पाय किंवा टार्टच्या खालच्या कवचासाठी, वडीवालं मार्जरीन फ्रीझरमध्ये अर्धा तास ठेवून किसणीवर किसून मैद्यात घाला, हाताने चोळत बसायची गरजच नाही, नाहीतर बोटांच्या उबेनेच ते वितळतं. पाणी नेहमीपेक्षा कमी लागेल, चमचा चमचा घाला. पदर सुटणाऱ्या पफ पेस्ट्रीसाठी बेकरीवाले जे मार्जरीन वापरतात ते वेगळंच असतं, मुद्दाम जास्त तापमानाला वितळणारं, लाटताना फाटत नाही, गळत नाही, पदर सुंदर सुटतात. पण त्याची किंमत तोंडात मोजावी लागते. बटर शरीराच्या उष्णतेच्या खालीच वितळतं म्हणून जिभेवर ठेवलं की नाहीसं होतं, आणि हे तिथे वितळतच नाही नीट, टाळूला मेणासारखा थर बसतो. बाहेरून आणलेली पेस्ट्री खाल्ल्यावर तोंड मेणचट वाटतं ना, गरम चहा प्यायल्यावरच सुटतं, ते हेच. घरच्या डब्यातलं मऊ मार्जरीन घेऊन पफ पेस्ट्री करायला जाऊ नका, पहिल्याच घडीला बाजूने बाहेर येईल.

केकवरच्या क्रीममध्ये मार्जरीन घातलं तर गोडी आणि चव जमवता येते पण उभं राहत नाही. उन्हाळ्यात तर बघता बघता ओघळतं. करायचंच असेल तर वडीवालं घ्या, अर्धं बटर घाला, दूध अजिबात घालू नका, आयसिंग शुगर थोडी वाढवा आणि केक खायच्या वेळेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवा. पांढराशुभ्र रंग हवा असेल तर तो मार्जरीनने येणार नाही, त्यात रंग घातलेलाच असतो.

गोड ब्रेड, बन, सिनॅमन रोल असल्या यीस्टच्या पिठात बिनधास्त घाला, किलोभर पिठाला शंभर ग्रॅम वगैरे असतं, फरक जाणवत नाही, पाणी मळता मळता कमी-जास्त करता येतं. पांढऱ्या सॉससाठी मैदा परतायला पण छान. पण गॅस बंद केल्यावर शेवटी थंड बटरचा तुकडा टाकून सॉसला जी चकाकी आणतात ती मार्जरीनने येत नाही, उगाच तेलाचे डोळे दिसतात.

परतण्यासाठी वापरताना तव्याजवळ तोंड नेऊ नका. आतलं पाणी तापलं की तडतडतं, फॅट जितकं कमी तितकी आतषबाजी जास्त. मंद आचेवर टाका, तडतड थांबली म्हणजे पाणी उडालं, मग अंडं फोडा. तळायला तर बटर पण नाही आणि मार्जरीन पण नाही, त्याला तेलच. आणि टोस्टवर लाइट स्प्रेड लावलं की ब्रेड ओलसर पडतो, पाणी आत मुरतं, म्हणून टोस्ट जरा जास्त कडक भाजा आणि लावल्या लावल्या खा.

चव कमी पडतेय वाटलं तर थोडी व्हॅनिला वाढवा, लिंबाची साल किसून घाला, मघाशी सांगितलेली दूध पावडर घाला, किंवा थोडं साजूक तूप. तुपात पाणी जवळजवळ नसतंच, त्यामुळे मार्जरीनमधले २० ग्रॅम काढून १५-१६ ग्रॅम तूप घातलं की वास पण येतो आणि हिशोब पण बिघडत नाही.

आता लोक हमखास विचारतात ते, तब्येतीला कोणतं चांगलं. याचं उत्तर पण डब्याच्या मागेच आहे. कॅलरी कमी होतील म्हणून ८० वालं मार्जरीन घेत असाल तर तसं काही नाही, बटरइतक्याच असतात, १०० ग्रॅमला ७०० च्या वर. फरक फॅट कसलं आहे त्यात. बटरमध्ये १०० ग्रॅममागे ५० ग्रॅमच्या आसपास सॅच्युरेटेड फॅट असतं, मऊ डब्यातल्या मार्जरीनमध्ये बरंच कमी, पण कडक वडीत पामतेल असेल तर ते पुन्हा वर जातं. म्हणजे बेकिंगला जे चांगलं तेच तब्येतीला जरा कमी चांगलं, असा त्रास आहे खरा. कोलेस्टेरॉल वनस्पती तेलात नसल्यासारखंच.

मार्जरीनचं नाव खराब झालं ते ट्रान्स फॅटमुळे. मूळ मार्जरीन १८६९ मध्ये फ्रान्समध्ये हिप्पोलित मेज-मूरिएस यांनी बनवलं, तिसऱ्या नेपोलियनला सैन्यासाठी आणि गरिबांसाठी स्वस्त बटर हवं होतं म्हणून, आणि ते चक्क गाईबैलांच्या चरबीचं होतं, वनस्पतीचं नाही. पुढे १९०२ मध्ये जर्मनीत विल्हेल्म नॉर्मन यांनी पातळ तेल हायड्रोजनने घट्ट करायचं पेटंट घेतलं आणि मग तेलापासून वडी करणं सोपं झालं. पण हे अर्धवट हायड्रोजनेशन केलं की ट्रान्स फॅट तयार होतं, आणि ते हृदयासाठी बटरपेक्षाही वाईट निघालं. डेन्मार्कने २००३ मध्ये त्यावर मर्यादा आणली, अमेरिकेने २०१५ मध्ये निर्णय घेतला आणि २०१८ पासून लागू केला, आता बऱ्याच देशांत नियम आहेत, बहुतेक एकूण फॅटच्या २ टक्क्यांपर्यंत. त्यामुळे आजचं मार्जरीन आणि तीस वर्षांपूर्वीचं मार्जरीन एक नाही. तरी घटकांच्या यादीत 'पार्शली हायड्रोजनेटेड' हे शब्द शोधा आणि दिसले तर डबा परत ठेवा. पुढच्या बाजूला 'झिरो ट्रान्स फॅट' लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, अमेरिकेत एका सर्व्हिंगमध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असलं तरी शून्य लिहायची परवानगी आहे आणि सर्व्हिंग म्हणजे एक मोठा चमचा, आपण केकमध्ये किती चमचे घालतो ते तुम्हीच मोजा.

आणि हो, दूध चालत नाही किंवा व्हीगन पाहुणे येणार म्हणून मार्जरीन वापरत असाल तर घटकांची यादी शेवटपर्यंत वाचा. मार्जरीन म्हणजे दूध नाहीच असं अजिबात नाही, कित्येकांत ताकाची किंवा व्हेची (दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्याची) पावडर, स्किम्ड मिल्क असतं, चवीसाठी घालतात. दुधाची ॲलर्जी असलेल्याला हे महाग पडू शकतं. व्हीगन लोकांसाठी अजून एक गोष्ट, व्हिटॅमिन डी३ बऱ्याचदा मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून काढलेलं असतं, त्यामुळे डब्यावर व्हीगन असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच खात्री धरा. सोयाची ॲलर्जी असेल तर लेसिथिन कशाचं आहे ते पण बघा.

ठेवायचं कसं तर फ्रीजमध्ये, झाकण घट्ट लावून, कापलेल्या कांद्यापासून लांब, कारण फॅट वास लगेच पकडतं आणि मग व्हॅनिला केकला कांद्याचा वास येतो, झालंय माझ्याकडे. डब्यात टोस्टचे कण पडलेला चमचा घालू नका, कमी फॅटच्या स्प्रेडमध्ये पाणी जास्त म्हणून बुरशी लवकर धरते. डबा आणल्या आणल्या तो फॅटचा आकडा मार्करने झाकणावर मोठा लिहून ठेवा, ऐन वेळी पिठाच्या हाताने चष्मा शोधत बसायला लागत नाही. वडी फ्रीझरमध्ये काही महिने मस्त राहते, आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये काढून ठेवायची. डब्यातलं मऊ स्प्रेड मात्र गोठवू नका, बाहेर काढल्यावर पाणी सुटतं आणि कितीही ढवळलं तरी परत मिळून येत नाही. गोठवून बसलाच असाल तर टाकून देऊ नका, वरचं पाणी ओतून टाका आणि उरलेलं पांढऱ्या सॉसला मैदा परतायला वापरा.